झिलमिलीच्या ४८० खाचा

जुन्या नाशकात तिवंध्याजवळ आमचे वडिलोपार्जित घर आहे. त्याच्या माडीला गल्लीच्या बाजूने तीन खिडक्या आहेत आणि प्रत्येक खिडकीला झिलमिलीच्या दोन झडपा होत्या. झिलमिली म्हणजे तिरप्या बसवलेल्या लाकडी पट्ट्यांची झडप; देवळाली कॅम्पातल्या जुन्या बंगल्यांना अजूनही अशा झडपा दिसतात, तिला आता सगळे लुव्हर म्हणतात. पश्चिमेचा पाऊस अनेक वर्षे थेट अंगावर घेतल्यामुळे आमच्या झडपांचे खालचे आडवे दांडे कुजले होते, पट्ट्या निसटून गल्लीत पडू लागल्या होत्या, आणि मागच्या पावसाळ्यात एक पट्टी खालून जाणाऱ्या मुलाच्या पायाशी पडल्यावर हा विषय पुढे ढकलणे शक्य उरले नाही. दोन ठिकाणी विचारले तेव्हा दोन्हीकडे ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या सुचवण्यात आल्या. लाकडी झिलमिली नव्याने करून देण्याची तयारी कोणी दाखवली नाही, कारण त्यात वेळ फार जातो आणि तो वेळ पट्ट्यांची टोके बसतात त्या खाचा पाडण्यात जातो.

मी सातपूरच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये तीस वर्षे काम केले. ड्रिल जिग, फिक्स्चर, गेज, म्हणजे एकच काम पुन्हा पुन्हा नेमके करायला आणि मोजायला लागणारी साधने, ही माझी रोजची कामे होती, पण ती सगळी पोलादात. लाकडाचे काम मी निवृत्तीनंतर शिकलो, तेही आमच्या ओळखीच्या एका वयस्कर मिस्त्रींकडून, ज्यांना आम्ही घरात सगळे काका म्हणतो. एकसारख्या शेकडो खाचा एकाच कोनात आणि एकाच अंतरावर पाडायच्या असतील, तर तो प्रश्न सुतारकामापेक्षा टूलरूमचा अधिक आहे, असे मला वाटले आणि त्या विश्वासावर मी काम अंगावर घेतले.

नवे करण्याआधी एक जुनी झडप जपून उकलली. तिच्या उभ्या दांड्यांवर टोकदार हत्याराने आखलेल्या रेषा अजून स्पष्ट होत्या. प्रत्येक खाच पटाशीने कोरलेली होती, आणि प्रत्येक पट्टीच्या टोकाला व तिच्या खाचेशेजारी पटाशीच्या सारख्याच खुणा होत्या, एक, दोन, तीन अशा मोजून मारलेल्या. म्हणजे त्या कारागिराने प्रत्येक पट्टी तिच्या स्वतःच्या खाचेसाठी तासून बसवली होती. सातव्या खाचेतली पट्टी आठवीत जात नव्हती. हे काम मी बराच वेळ हातात घेऊन पाहत बसलो. माझ्या हाताला पटाशीची ती सवय नाही आणि या वयात ती येणार नाही, म्हणून मला उलट बाजूने जावे लागणार होते: सगळ्या खाचा इतक्या सारख्या करायच्या की कोणतीही पट्टी कोणत्याही खाचेत बसावी.

लाकूड जुनेच घेतले. जुन्या नाशकात वाडे उतरवले जातात तेव्हा त्यांच्या तुळया आणि कड्या वखारीत विकायला येतात, आणि ते सागवान इतके वाळलेले असते की पुढे ते हलण्याची भीती फार कमी राहते. चार घनफूट लाकूड घेतले, त्यातले प्रत्यक्ष झडपांमध्ये अडीच घनफुटांपेक्षाही कमी गेले, बाकीचे करवतीच्या भुशात, गाठीत आणि खिळ्यांच्या भोकांत संपले. जुन्या तुळईत घडीव चौकोनी खिळे आत तुटून राहिलेले असतात आणि ते वरून दिसत नाहीत. लोहचुंबक दोऱ्याला बांधून प्रत्येक नगावरून इंच-इंच फिरवला, तरीही एक खिळा सुटला आणि करवतीच्या पात्याचे दोन दात घेऊन गेला.

आता मापे. झडप १२०० मिमी उंच आणि ४५० मिमी रुंद, उभे दांडे ५८ मिमी रुंद आणि ३२ मिमी जाड. वरचा आणि मधला आडवा दांडा ६० मिमीचा, खालचा ९० मिमीचा, कारण पाण्याचा मार खालच्याला बसतो. त्यामुळे मध्ये ४९५ मिमी उंचीचे दोन कप्पे उरतात. पट्टी ३४ मिमी रुंद, ८ मिमी जाड, दोन्ही कडा पूर्ण गोल, आणि ४५ अंशांत तिरपी. अशी पट्टी तिरपी ठेवली की तिची उभी उंची साधारण २६.४ मिमी भरते. दोन पट्ट्यांमधले अंतर २४ मिमी ठेवले तर वरच्या पट्टीची खालची कड खालच्या पट्टीच्या वरच्या कडेच्या सव्वादोन ते अडीच मिमी खाली येते, म्हणजे समोरून सरळ पाहणाऱ्याला आरपार काहीच दिसत नाही, आणि तरी दोन पट्ट्यांमध्ये वाऱ्याला जायला सुमारे ९ मिमीची मोकळी फट राहते. अंतर २७ केले असते तर पट्ट्या कमी लागल्या असत्या, पण आडोसा गेला असता. एका कप्प्यात २० पट्ट्या बसतात, एका झडपेत ४०, सहा झडपांत २४०, आणि प्रत्येक पट्टीला दोन टोके असल्यामुळे खाचा ४८०.

पट्टीची बाहेरची कड खाली असते, हे सगळ्यांना माहीत असते, कारण पाणी बाहेर वाहायला हवे. त्याचा दुसरा परिणाम माझ्या आईने मला लहानपणी दाखवला होता: माडीवरून झिलमिलीतून पाहिले तर खालची गल्ली दिसते, पण गल्लीतून वर पाहणाऱ्याला फक्त आमच्या माडीचे छत दिसते.

खाच राउटरने, म्हणजे वेगाने फिरणाऱ्या पात्याने लाकूड कोरणाऱ्या हातयंत्राने, पाडायची म्हटल्यावर कामाचा पाया ठरतो तो गाइड बुश. राउटरच्या तळपट्टीला बसणारी ही धातूची कडी फर्म्याच्या, म्हणजे माप ठरवून देणाऱ्या साच्याच्या, खाचेच्या भिंतींना टेकून सरकते आणि तिच्या मधोमध बिट, म्हणजे कापणारे पाते, फिरते. माझ्याकडे बुशचा बाहेरचा व्यास १६ मिमी आणि बिट ८ मिमीचे होते, म्हणजे बिटची कड फर्म्याच्या भिंतीपासून सगळीकडे ४ मिमी आत राहते. लाकडात ३४ लांब आणि ८ रुंद खाच हवी असेल तर फर्म्यात लांबी आणि रुंदी दोन्ही ८ मिमीने वाढवून ४२ लांब आणि १६ रुंद खाच हवी. ती करणे सोपे निघाले: २६ मिमी अंतरावर १६ मिमीची दोन भोके पाडायची आणि मधला भाग काढून कानशीने सरळ करायचा. फिरत्या बिटने पाडलेल्या खाचेची टोके अर्धगोल राहतात, म्हणून तर पट्टीच्या कडा ४ मिमी त्रिज्येने गोल केल्या. पटाशीने कोपरे चौकोनी करत बसण्यापेक्षा हे फार बरे, आणि गोल कडेवर पाणीही थांबत नाही.

पहिला फर्मा मी १२ मिमीच्या प्लायवूडचा केला. खालच्या बाजूला दोन पट्ट्या स्क्रूने बसवल्या, त्यांच्यामध्ये उभा दांडा कडेवर उभा राहून घट्ट बसेल अशा. आणि खाचेपासून २४ मिमीवर एक लाकडी चावी लावली. रीत अशी की पहिली खाच पाडायची, फर्मा पुढे सरकवायचा, चावी त्या खाचेत बसवायची, दुसरी खाच पाडायची, आणि असेच पुढे जायचे. प्रत्येक वेळी मोजपट्टी लावावी लागत नाही, मागची खाचच पुढच्या खाचेचे माप देते. दांड्यांची लांबी मी दोन्ही टोकांना थोडी जास्त ठेवली होती आणि कप्प्यांच्या जागा आधी आखून घेतल्या होत्या, म्हणजे खाचांचा हिशेब चुकला तर सरकवायला जागा राहील.

टाकाऊ दांड्यावर २० खाचा पाडल्या आणि पहिल्या खाचेपासून विसाव्या खाचेपर्यंत मोजले. २४ मिमीच्या १९ उड्या म्हणजे ४५६ यायला हवे होते, आले चारशे साडेअठ्ठावन्न. उडीमागे जेमतेम सव्वादशांश मिमीची चूक, जी कोणत्याही एका खाचेत डोळ्यांना दिसली नसती, ती एकोणीस वेळा साठून अडीच मिमी झाली होती. त्याहून वाईट म्हणजे दुसऱ्या दांड्यावर तीच बेरीज वेगळी आली. चावी खाचेत किंचित सैल होती. मी कधी फर्मा पुढे ओढून धरत होतो, कधी मागे दाबून, आणि प्रत्येक वेळी ती सैल जागा मापात मिसळत होती. पोलादात मी ही चूक शिकाऊ मुलांच्या हातून कितीतरी वेळा होताना पाहिली आहे.

पण मोठी चूक वेगळीच होती आणि ती मी आधी कधी केली नव्हती. झडपेचा डावा आणि उजवा दांडा एकमेकांची आरशातली प्रतिमा असतात. मी असे धरून चाललो की डाव्यासाठी पाडलेल्या दांड्याला उलटा फिरवला, वरचे टोक खाली केले, की उजवा दांडा मिळेल. दोन दांडे पूर्ण पाडले, समोरासमोर उभे केले, पहिली पट्टी घातली आणि ती दुसऱ्या दांड्यातल्या खाचेत जाईना. दोन्ही खाचा एकमेकींना फुलीसारख्या छेदत होत्या. तिरपी रेषा अर्ध्या फेऱ्यात फिरवली तरी तिची दिशा तीच राहते, हे कागदावर दोन रेघा मारून पाहिले असते तर क्षणात कळले असते. ऐंशी खाचा वाया गेल्या. लाकूड वाया गेल्याचे मला जास्त वाईट वाटले, कारण ते कोणाच्या तरी वाड्याचे होते.

काका संध्याकाळी आले, त्यांनी दोन्ही दांडे हातात घेतले आणि काही बोलले नाहीत. मग खिशातली पेन्सिल काढून दोन्ही दांड्यांच्या दर्शनी अंगावर त्यांनी एक-एक मोठा त्रिकोण काढला, टोक वर.

“दादा, सुताराची निम्मी कामं खुणेवर चालतात,” ते म्हणाले. “तोंड कुठलं, डोकं कुठलं, हे आधी लाकडावर लिहा. यंत्राला डावं-उजवं कळत नाही.”

दुसरा फर्मा याच दोन चुकांमधून निघाला. प्लायवूडऐवजी १२ मिमीची हायलम शीट, म्हणजे राळेत थर दाबून केलेला कडक तक्ता, घेतली; अंबड औद्योगिक वसाहतीच्या बाजूला भंगारात तिचे तुकडे मिळतात, ती सहज झिजत नाही आणि तिच्यात पाडलेले भोक नेमके राहते. खाच पहिल्यासारखीच. चावी मात्र लाकडाची न करता ८ मिमीच्या पॉलिश केलेल्या पोलादी सळईचे दोन तुकडे, २६ मिमी अंतरावर, खाचेला समांतर रेषेत. खाचा ४५ अंशांत असल्याने दांड्याच्या लांबीत २४ मिमी अंतर हवे असेल तर दोन रेषांमधले काटकोनातले अंतर १७ मिमीला अगदी थोडे कमी येते; ते ओळखीच्या एका वर्कशॉपमध्ये मिलिंग यंत्रावर डायल, म्हणजे बारीक माप दाखवणारे गेज, लावून पाडून घेतले. ८ मिमी बिटने पाडलेल्या खाचेच्या गोल टोकात ८ मिमीची पिन हलत नाही, इतकी नेमकी बसते. तरीही सवय म्हणून मी प्रत्येक वेळी फर्मा मागेच दाबला, पुढे कधी ओढला नाही.

डाव्या-उजव्याचे उत्तर त्याच फर्म्यात होते. पिनांची भोके आरपार होती आणि बाजूच्या पट्ट्यांच्या स्क्रूंचीही. सहा डावे दांडे पूर्ण झाले की पिना दुसऱ्या बाजूने दाबून काढायच्या, फर्मा लांबीच्या अक्षाभोवती पालथा करायचा, आणि पिना व पट्ट्या त्याच भोकांतून आता खाली आलेल्या बाजूला बसवायच्या. खाच तीच, भोके तीच, म्हणून कोन आणि अंतर दोन्हीकडे एकच. फक्त दिशा आरशासारखी उलटते. यात नियम दोन पाळायचे: दोन्ही हातांचे दांडे वरच्या टोकाकडूनच सुरू करायचे, आणि त्रिकोण काढलेले दर्शनी अंग नेहमी फर्म्याच्या एकाच बाजूच्या पट्टीला टेकवायचे, त्या पट्टीवर मी लाल रंगाचा ठिपका दिला. मग फर्म्यात उरलेली बारीकशी चूक दोन्ही दांड्यांत सारखीच उतरते, आणि पट्टी आडवी सरळच राहते. नव्या फर्म्याने २० खाचांची बेरीज ४५६.३ आली. डाव्यात तेवढी आणि उजव्यातही तेवढी. मी त्याला हात लावला नाही.

प्रत्यक्ष खाचा पाडायला चार सकाळी लागल्या, रोज साधारण १२०. खोली ८ मिमी, पण एका दमात नाही; ४-४ मिमीच्या दोन फेऱ्यांत. सागवानात वाळूसारखा सिलिकाचा अंश असतो, तो साध्या पोलादी बिटची धार पाहता पाहता खातो, म्हणून कार्बाइडचे बिट घ्यावे. तरीही दुसऱ्या दिवसाच्या शेवटी खाचेच्या भिंती काळसर होऊ लागल्या आणि जळका वास आला, तेव्हा बिट बदलले. खाचेत भुसा दाबून बसतो आणि पुढच्या उडीला पिन पूर्ण खाली जात नाही. प्रत्येक खाच ब्रशने साफ केल्याशिवाय पुढे सरकायचे नाही, असे मी ठरवून घेतले. सागवानाची बारीक धूळ नाकाला आणि कातडीला त्रास देते. मास्क, चष्मा आणि कानात बोळे, या तिन्हींशिवाय यंत्र चालू करू नये, हे मी आग्रहाने सांगेन. गल्ली अरुंद आहे आणि समोरच्या घरात एक आजी दुपारी झोपतात, म्हणून काम सकाळी दहा ते एक एवढेच.

पट्ट्यांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. लांब फळ्या चिरून, रंधा मारून, राउटर टेबलावर चारही कोपरे गोल केले आणि मग ३४९ मिमीचे तुकडे पाडले. उघडा भाग ३३४ मिमी, दोन्ही बाजूंच्या खाचा ८-८ मिमी, म्हणजे ३५० होतात. एक मिमी मोकळा सोडला. जाडी मात्र ७.८ ठेवली. मी आधी नेमकी ८ ठेवली होती आणि कोरडी पट्टी खाचेत सुरेख बसत होती, पण काकांनी ती पट्टी रात्रभर ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायला सांगितली. सकाळी ती खाचेत शिरत नव्हती. जुलैत आमच्या माडीवरची हवा त्या फडक्याहून फार वेगळी नसते.

मला हा या कामातला सर्वांत मोलाचा धडा वाटतो, कारण तो माझ्या जुन्या सवयीच्या विरुद्ध होता. फर्मा जितका नेमका करता येईल तितका करावा, त्यात दया नाही. पण त्याच फर्म्यातून निघालेल्या लाकडाला मात्र हलायला जागा ठेवावी लागते, आणि ती जागा चुकून राहिलेली नसते, मोजून दिलेली असते.

पट्ट्यांना जोडणीआधीच जवसाचे तेल आणि टर्पेंटाइन मिसळून दोन हात दिले, कारण नंतर ९ मिमीच्या फटीत ब्रश जात नाही. आडव्या दांड्यांची ४० मिमी लांब कुसवे, म्हणजे उभ्या दांड्याच्या खोबणीत शिरणारी टोके, काकांनी हाताने पाडली; ते काम त्यांनी मला करू दिले नाही. सागवान तेलकट असते, म्हणून चिकटवण्यापूर्वी कुसू आणि खोबण थिनरने पुसून घेतली, फेविकॉल फक्त तेवढ्याच ठिकाणी लावला. पट्ट्यांना कुठेही चिकट लावलेला नाही, त्या खाचांमध्ये मोकळ्या आहेत.

जोडणीची मला सर्वांत जास्त धास्ती होती. एक उभा दांडा टेबलावर खाचा वर करून आडवा ठेवायचा, तिन्ही आडवे दांडे आणि ४० पट्ट्या त्यात उभ्या करायच्या, आणि वरून दुसरा दांडा असा आणायचा की चाळीसही टोके आणि तिन्ही कुसवे आपापल्या जागी जातील, तेही फेविकॉल धरायच्या आत. पहिल्या झडपेला मी, माझा मुलगा आणि काका असे तिघे होतो आणि तरी दोनदा पट्ट्या कोसळल्या. मग युक्ती सापडली: दुसरा दांडा सपाट न ठेवता एका टोकाकडून तिरका आणायचा आणि चेन लावल्यासारखा एकेक टोक आत घेत पुढे उतरवत जायचे. पट्ट्यांच्या टोकांच्या कडा पॉलिश पेपरने जराशा घासून घेतल्या, त्यामुळे ती स्वतःच वाट शोधू लागली. सहावी झडप आम्ही दोघांनी पंचवीस मिनिटांत जोडली. शिकंजे लावून दोन्ही कर्ण मोजले, एका कोपऱ्याला शिकंजा जरा तिरपा करून कर्ण सारखे केले, आणि झडप रात्रभर तशीच ठेवली. कुसवांतून काकांनी सागवानाच्या खुंट्या ठोकल्या, जुन्या झडपेत होत्या तशाच.

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात झडपा जुन्याच बिजागऱ्यांवर चढल्या. दुपारी चारच्या सुमारास ऊन पश्चिमेकडून पट्ट्यांवर येते आणि माडीच्या फरशीवर न पडता छतावर फिकट पट्टे उमटतात. पट्ट्या कुठे वाकड्या आहेत हे पाहायचे तर याच वेळी, कारण छतावरचा एखादा पट्टा जाड-बारीक झाला की चूक लगेच उघडी पडते. मधल्या खिडकीच्या डाव्या झडपेत, वरून अकरावी पट्टी किंचित पिळलेली आहे. तिथे लाकडात गाठ होती आणि मी ती पाहूनही पट्टी घेतली होती.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात वाऱ्यासह जोराचा पाऊस आला. पट्ट्यांमधून एक थेंबही आत आला नाही. दोन झडपा जिथे मिळतात त्या उभ्या फटीतून मात्र पाणी आले आणि खिडकीच्या पाटावर ओघळले. जुन्या झडपांना त्या फटीवर बाहेरून एक पट्टी ठोकलेली होती. ती मी मापे घेताना मोजली होती आणि नंतर विसरलो होतो. तिचे लाकूड चिरून ठेवले आहे. पाऊस उघडून झडपा पूर्ण वाळल्या की ती लावीन, तोवर पाटावर एक जुने धोतर घडी करून ठेवले आहे.